भेव कोन शिकवते?

1972 च्या दुष्काळात आमच्या अकोट तालुक्यात माणसांना सुकडी मिळाली, ढोरांना कडबा मिळाला नाही. संक्रांत झाली आणि आबाजींनी ठरवलं, ढोरं मेळघाटात न्यायची. मी दहा वर्षांचा. मीही निघालो, कारण सोन्या माझा होता.

सोन्या म्हणजे वर्षभराचा गोऱ्हा. त्याला जन्म देऊन गाय मेली. मी त्याला शेळीच्या दुधावर, मग कण्यांच्या पेजेवर वाढवला. तो घरात ओसरीवर बांधलेला असे. आबाजी रोज म्हणत, "पोट्ट्या, त्याले कळपात सोड." मी सोडत नसे. मोठी ढोरं त्याला मारतील, ही मला धास्ती.

पोपटखेड्याहून नरनाळ्याचा डोंगर धरून आम्ही वर चढलो. तिथे एका गवळ्याचा वाडा होता, त्याच्या वीसेक म्हशी. त्याच्याच आसऱ्याने आम्ही राहिलो.

तिसऱ्या दिवशी कलत्या उन्हात ढोरं नाल्याला लागली होती. झाडावरून वानर खोकलं, एकदा, दोनदा. गवळ्याच्या म्हशींनी माना वर केल्या. फुरफुरत त्या गोल झाल्या, शिंगं बाहेर, पारडी आत. आमची मैदानातली ढोरं तशीच चरत होती. वाघ त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. पण म्हशी बिथरल्याचं पाहून तीही उधळली आणि त्यांच्याकडे धावली.

सोन्या धावला नाही. तो पाण्याकाठी उभा राहून माझ्याकडे पाहत होता. त्याला घाबरल्यावर बघायला मीच ठाऊक होतो, आणि मला तरी वानराच्या खोकण्याचा अर्थ कुठे कळत होता? आबाजींनी माझं मनगट धरून ठेवलं. पुढचं मी सांगत नाही.

रात्री शेकोटीपाशी गवळी एवढंच बोलला, "त्याले माय नव्हती ना बाप्पा. भेव कोन शिकवीन?"

पुढे मास्तर झाल्यावर वाचनात आलं, शास्त्रज्ञही तेच सांगतात. 1980 च्या दशकात अमेरिकेत सुझन मिनेका यांनी प्रयोगशाळेत जन्मलेल्या माकडांपुढे साप ठेवले. ती भ्याली नाहीत. जंगलातली माकडं सापाला भिताना पाहिली, तेव्हा भिऊ लागली. मग चित्रफीत अशी जोडून दाखवली, की माकड जणू फुलाला भितंय. ते मात्र ती शिकली नाहीत. म्हणजे पाटी कोरी नसते, पण तिच्यावर अक्षर उमटायला दुसऱ्याला भिताना पाहावं लागतं. तिथेच, जिथले लांडगे माणसाने संपवले होते, तिथल्या मूस नावाच्या थोरल्या हरणांना लांडग्याचं भेव उरलं नव्हतं. लांडगे परतले. ज्या माद्यांची पिल्लं गेली, त्या लांडग्याच्या नुसत्या आवाजाने सावध होऊ लागल्या. जोएल बर्गर यांनी हे 2001 साली मांडलं. विसरायला पिढ्या लागल्या, शिकायला एक पिल्लू.

1973 च्या मृगात आम्ही परतलो. गावात चिंचेवर वानर खोकलं की आमच्या गाई चारा सोडून कान टवकारत. त्या पावसाळ्यात जन्मलेली कालवड, जिने डोंगर पाहिला नव्हता, तीही मायच्या पोटाशी दबे. पुढे ती व्याली, तेव्हा तिचं वासरूही तसंच करी.

त्याच 1973 साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. हळूहळू गाभ्यातली चराई बंद झाली. नंतर आतली काही गावंही उठून अकोटकडे मैदानात आली. वाघासाठी ते बरंच झालं असेल. आमचं ढोर मात्र परत डोंगरात गेलं नाही.

आज माझ्या गोठ्याच्या टिनावर वानरं नाचतात, खोकतात. जर्सीचं वासरू मान वर करत नाही, रवंथ करत राहतं. मी मात्र दचकतो. मग उठून त्याचं दावं सोडतो आणि त्याला बाकीच्या ढोरांत नेऊन बांधतो.

आबाजी रोज सांगत होते. मीच सोडलं नाही.