मॅगेनिन

मॅगेनिन हे झेनोपस लेव्हिस या आफ्रिकी नखधारी बेडकाच्या त्वचेत आढळणारे सूक्ष्मजीवनाशक पेप्टाइड आहे. त्याची दोन रूपे ज्ञात असून प्रत्येकात २३ अमिनो आम्ले असतात. रोधक्षम जिवाणूंविरुद्ध प्रतिजैविकांना पर्याय म्हणून अशा पेप्टाइडांकडे पाहिले जाऊ लागले, त्यात मॅगेनिनचा मोठा वाटा आहे.

शोध

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मायकेल झासलॉफ हे संशोधनासाठी या बेडकांची अंडी शस्त्रक्रियेने काढीत असत. जखम शिवून बेडूक पुन्हा जिवाणूंनी भरलेल्या पाण्यात सोडले जात, तरी जखमा न चिघळता भरून येत. या निरीक्षणावरून त्यांनी त्वचेतील पेप्टाइडे वेगळी केली आणि १९८७ साली हा शोध प्रसिद्ध केला. हे नाव ‘ढाल’ या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून पडले.

कार्यपद्धती

पाण्यात मॅगेनिनच्या रेणूला निश्चित आकार नसतो. पेशीपटलाच्या संपर्कात येताच तो सर्पिलाकार होतो. रेणू धनभारित असल्याने जिवाणूंच्या पटलावरील ऋणभारित मेदांकडे ओढला जातो आणि अनेक रेणू मिळून पटलाला छिद्रे पाडतात. प्राण्यांच्या पेशीपटलाची बाहेरील बाजू बहुतांशी भाररहित असते व त्यात कोलेस्टेरॉल असते. त्यामुळे त्यांना तुलनेने कमी इजा होते. या रेणूची आरशातील प्रतिमा असलेले कृत्रिम पेप्टाइडही जिवाणूंना मारते. यावरून त्याचे लक्ष्य एखादे विशिष्ट प्रथिन नसून पटलच आहे, असे मानले जाते. एका जनुकातील बदलाने जिवाणूंना यातून सुटता येणार नाही, ही अपेक्षा त्यावरच आधारलेली होती.

औषध म्हणून वापर

मॅगेनिनवर आधारित पेक्सिगॅनन हे २२ अमिनो आम्लांचे पेप्टाइड मधुमेही रुग्णांच्या पायावरील संसर्गित व्रणांसाठी मलमाच्या रूपात तपासण्यात आले. ते ओफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्यांच्या तोडीचे ठरले. परंतु उपलब्ध औषधांहून सरस नसल्याने १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली नाही. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या नव्या चाचण्यांत तर ते औषधरहित मलमापेक्षाही प्रभावी ठरले नाही.

रोधाचा प्रश्न

जिवाणू या पेप्टाइडांना सहजासहजी रोध विकसित करणार नाहीत, असे झासलॉफ यांचे मत होते. ते स्वतः सहलेखक असलेल्या २००६ च्या प्रयोगात मात्र, पेक्सिगॅननची मात्रा क्रमाने वाढवत नेल्यावर, ६०० ते ७०० पिढ्यांत जिवाणूंच्या २४ पैकी २२ वंशशाखा रोधक्षम झाल्या. यातील धोका केवळ औषध निष्प्रभ होण्याचा नाही. मानवी शरीरही डिफेन्सिनसारखी पेप्टाइडे संरक्षणासाठी वापरते. २०१२ मधील एका प्रयोगात पेक्सिगॅननला रोधक्षम झालेले स्टॅफिलोकोकस ऑरियस हे जिवाणू मानवी पांढऱ्या रक्तपेशींतील एका डिफेन्सिनलाही दाद देईनासे झाल्याचे आढळले.