ब्रेनरचा घाट ओलांडून इटलीकडे

पश्चिम जर्मनीतल्या बेताच्या मिळकतीच्या जोडप्यांना स्वतःच्या वाहनाने परदेशी जाणे पहिल्यांदा जमू लागले ते १९५० च्या दशकात, आणि त्यांतल्या अनेकांची ओढ इटलीकडे असे. म्युनिचहून दक्षिणेला निघालेला रस्ता ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकपर्यंत जातो, तिथून ब्रेनरचा घाट चढतो आणि इटलीत उतरतो. सुमारे १,३७० मीटर उंचीची ही खिंड आल्प्सच्या मुख्य रांगेतल्या वाहतुकीच्या वाटांमध्ये सखल समजली जाते, त्यामुळे जुन्या, कमी ताकदीच्या गाड्यांनाही ती झेपत असे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या तहाने इथे ऑस्ट्रिया आणि इटली यांची सीमा आली. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो जर्मन कुटुंबांनी इटलीत पहिले पाऊल टाकले ते याच नाक्यावर.

ओढ मात्र फार जुनी. कवी गटे १७८६ च्या सप्टेंबरात घोडागाडीने ब्रेनर ओलांडून गेला आणि त्याच्या प्रवासवर्णनानंतर सुशिक्षित जर्मन घरांत इटली हे एकदा तरी पाहायचेच ठिकाण ठरले. मोटारीतून ते पाहण्याचा मान ओटो युलियुस बियरबाउम या लेखकाकडे जातो. १९०२ मध्ये तो पत्नीसह आडलर कंपनीच्या गाडीतून बर्लिनहून थेट सोरेन्तोपर्यंत गेला, आणि पुढच्याच वर्षी निघालेले त्याचे पुस्तक जर्मन भाषेतल्या पहिल्या मोटारप्रवास-वर्णनांत गणले जाते. वेगापेक्षा पाहण्याला महत्त्व द्यावे, हा त्याचा आग्रह होता. पण सोबत गाडी हाकणारा माणूस होता. पगारावर जगणाऱ्या जोडप्याला हा नमुना गिरवता येण्यासारखा नव्हता.

दोन युद्धांच्या मधल्या काळात एक गोष्ट घडली ती मात्र पुढे फार उपयोगी पडली. दक्षिण जर्मनीतल्या इस्नी गावचा आरिस्ट डेटलेफ्स हा चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनवणाऱ्या कारखान्याचा मालक. धंद्यानिमित्त तो सतत फिरतीवर असे. त्याची भावी पत्नी फ्रीडल एडलमान चित्रकार होती. तिलाही बरोबर जायचे होते आणि जाईल तिथे काम करता येईल अशी जागा हवी होती. १९३१ मध्ये त्याने गाडीमागे ओढायची एक छोटी खोली तयार केली. जर्मनीतला पहिला कॅरॅव्हॅन म्हणून तिची नोंद होते. मोटारीने हिंडावे आणि झोपायची सोय आपल्याबरोबर न्यावी, या कल्पनेचे जर्मनीतले मूळ असे दोघांच्या सोबतीच्या गरजेत आहे, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. त्याच दशकात नाझी राजवटीने लोकांना स्वस्त मोटारीचे गाजर दाखवले. १९३८ पासून आठवड्याला पाच मार्क भरून ९९० मार्कांत गाडी मिळेल अशी बचत योजना होती. तीन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले. कारखाना युद्धसाहित्याकडे वळला आणि त्यांतल्या एकाच्याही दारात त्या योजनेतली गाडी आली नाही.

युद्धानंतर तर देशाबाहेर पडणेच अवघड झाले. पराभूत जर्मनीच्या नागरिकाला परदेशी जायला दोस्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांचा परवाना लागे. पासपोर्ट देण्याचा अधिकार पश्चिम जर्मन सरकारकडे आला तो १९५१ मध्ये. जून १९४८ मध्ये नवे चलन आल्यावर दुकाने भरू लागली होती, पण परकीय चलन मोजूनमापून मिळे. प्रवाशाला वर्षाला किती रक्कम बाहेर नेता येईल याची मर्यादा ठरलेली होती. ती हळूहळू वाढत गेली आणि १९५८ च्या अखेरीस मार्क खुलेपणाने बदलून मिळू लागल्यावर ही अडचण उरली नाही. भारतात परकीय चलनाचे निर्बंध ज्यांनी अनुभवले आहेत, त्यांना या हिशेबाची जात वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

वाहनाचा प्रश्न सर्वांत मोठा. फोक्सवागनची साधी बीटल १९५० मध्ये ४,८०० मार्कांना मिळे. १९५५ मध्ये तिची किंमत ३,७९० मार्कांवर आली. त्या वर्षी विमाधारक कामगाराचे सरासरी वार्षिक वेतन ४,५४८ मार्क होते. म्हणजे दहा महिन्यांचा पगार एका गाडीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दहा लाखावी बीटल कारखान्यातून बाहेर पडली, तरी दशकाच्या पूर्वार्धात जर्मन रस्त्यांवर मोटारींपेक्षा मोटारसायकली जास्त होत्या. त्यामुळे पहिली परदेश सफर अनेकांनी दुचाकीवर केली: नवरा पुढे, बायको मागे, तंबूची गुंडाळी कॅरियरला बांधलेली. त्याच्या वरची पायरी म्हणजे छोट्या इंजिनांच्या गाड्या. २५० सीसीची गोगोमोबिल आणि बीएमडब्ल्यूची इसेटा या दोन्ही १९५५ मध्ये बाजारात आल्या. इसेटाचा दरवाजा समोरून उघडे, चालकासह दोघे शेजारी शेजारी बसत आणि एका सिलिंडरचे इंजिन बारा अश्वशक्तीचे. तिचा मूळ आराखडा मिलानजवळच्या ईसो या इटालियन कंपनीचा, म्हणजे गाडी एका अर्थाने माहेरीच निघालेली असे.

ज्यांच्याकडे बीटल होती, त्यांना घाटात एक मोठा फायदा मिळे. तिचे इंजिन हवेने थंड होणारे. चढावर पाणी उकळून गाडी थांबण्याचा प्रसंगच नव्हता. बाकी सुखसोयी जेमतेम. पुढच्या झाकणाखाली पेट्रोलची चाळीस लिटरची टाकी, तिच्यापुढे-मागे उरलेल्या जागेत सामान, शिवाय मागच्या सीटमागे एक खळगा. पेट्रोल किती उरले हे दाखवणारा काटा बीटलमध्ये १९६१ पर्यंत नव्हता. इंजिन अडखळू लागले की चालक पायाजवळची एक तोटी फिरवी आणि राखून ठेवलेले शेवटचे पाच लिटर सुरू होत. तेवढ्यात पंप गाठायचा. शहाणा चालक टाकी भरल्यावर तोटी पुन्हा मूळ जागी आणायला विसरत नसे, कारण विसरला तर पुढच्या वेळी राखीव असे काहीच शिल्लक राहत नसे. शंभर किलोमीटरला सात-आठ लिटर हा हिशेब धरून किलोमीटर वहीत मांडत जाणे हाच त्यावर उपाय होता, आणि तो बहुधा शेजारी बसलेली व्यक्ती करी.

कागदपत्रांचा इतिहास कोरडा वाटतो, पण या प्रवासाचा खरा पाया तोच आहे. परक्या देशात गाडी नेली की ती तिथे विकली जाईल, या शंकेने सीमेवर तिच्या जकातीएवढी अनामत मागितली जाई. गाडीसाठीच सारी बचत ओतलेल्या माणसाकडे ही रक्कम कुठून असणार? मोटार क्लबांनी हा तिढा सोडवला. क्लब हमी देई, सदस्याला एक दुमडता दाखला मिळे, आणि सीमेवर जाताना-येताना त्याच्या एकेका भागावर शिक्का पडे. १९०३ मध्ये स्टुटगार्टला मोटारसायकलवाल्यांची संघटना म्हणून सुरू झालेला आणि १९११ पासून एडीएसी या नावाने ओळखला जाणारा क्लब अशा दाखल्यांमुळेच सामान्य घरांत पोचला. गाडी आणि चालक यांच्या आंतरराष्ट्रीय परवान्यांची सुरुवात १९०९ आणि १९२६ च्या पॅरिस करारांनी झाली होती. १९४९ च्या जिनिव्हा कराराने नियम आणि रस्त्यांवरच्या खुणा अधिक एकसारख्या केल्या. १९५३ पासून विम्याचे हिरवे कार्ड चालू झाले, त्यामुळे परदेशात अपघात झाला तर भरपाई कोण देणार हा प्रश्न सुटला. १९५४ च्या न्यूयॉर्क कराराने खासगी गाड्यांना तात्पुरत्या प्रवेशासाठी जकातमाफी दिली. श्रीमंताला अनामत भरणे केव्हाही शक्य होते. या करारांचा खरा लाभ झाला तो ज्यांच्याकडे भरायला काहीच नव्हते त्यांना.

सफरीची आखणी हिवाळ्यापासून चाले. रजा दोन, फार तर तीन आठवडे. किमान रजेचा देशव्यापी कायदा १९६३ मध्ये आला. तोवर बहुधा प्रांताच्या कायद्यात किंवा कामगार करारात असेल तेवढीच. एका मार्काला दीडशेच्या आसपास लिरा मिळत आणि दक्षिणेत खाणेपिणे व खोली स्वस्त असे, ही जमेची बाजू. खर्चाची बाजू पेट्रोलची, कारण इटलीत त्यावर कर भरमसाट होता. परदेशी मोटारवाल्यांना तिथे सवलतीच्या दराची कुपने मिळत. ती आधीच घेऊन ठेवणे हे आखणीतले पहिले काम. म्युनिचपासून रिमिनीपर्यंत जवळपास सातशे किलोमीटर, तेवढेच परतीचे, शिवाय इकडेतिकडे हिंडणे; त्यावरून कुपनांचा आकडा ठरे. मग शिधा. बटाटे, शेवया, डबाबंद मांस, कॉफी, सगळे घरून. स्पिरिटचा किंवा पेट्रोलचा स्टोव्ह, पत्र्याची भांडी, रबरी गाद्या. तंबू विकत घेणे महाग पडे म्हणून तो उसना आणण्याचीही पद्धत होती. घडीच्या होड्यांसाठी प्रसिद्ध असलेला आणि तंबूही बनवणारा क्लेपर कारखाना रोझेनहाइमला, म्हणजे ब्रेनरच्या वाटेवरच. वाटेत मुक्काम टाळायचा म्हणून बरेच जण पहाटे काळोखातच निघत.

लग्न न झालेल्या जोडप्यांपुढे आणखी एक अडचण होती आणि ती पैशाने सुटणारी नव्हती. अविवाहितांना एकत्र राहायला जागा देणे जर्मन फौजदारी कायद्याने गुन्हा ठरत असे. १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने साखरपुडा झालेल्यांनाही यातून सूट नाकारली. या कायद्याची धार १९६९ च्या आणि १९७३ च्या दुरुस्त्यांनी गेली. तोवर खोली देणारा मालक विवाहाचा पुरावा पाहू शके. इटलीही सनातनी कॅथलिक देश, तिथेही पासपोर्ट तपासले जात. त्यामुळे दोघांची पहिली परदेश सफर हीच लग्नानंतरची सहल असणे, किंवा लग्नाआधी मित्रमैत्रिणींच्या घोळक्यात जाणे, असे दोन सरळ मार्ग असत. प्रेमाच्या सफरीला कायद्याची एवढी आडकाठी असावी ही त्या काळाची खंत वाटण्याजोगी बाब आहे.

इन्सब्रुक सोडले की जवळपास आठशे मीटरचा चढ. वळणावळणाचा जुना रस्ता गावांच्या मधून जाई, पुढे सामान लादलेला ट्रक आला की मागे रांग लागे, आणि सुट्टीच्या दिवसांत नाक्यावर ती रांग लांबच लांब होई. एकदा पलीकडे उतरले की परदेश आला असे चटकन वाटत नसे, कारण दक्षिण टायरोलात बहुसंख्य लोक जर्मनच बोलतात. बोल्झानोपर्यंत सफरचंदांच्या बागा, द्राक्षांचे मांडव, मग ट्रेन्तो आणि रोव्हेरेतो. अनेकांचा प्रवास गार्डा तलावाशीच संपे. १९२९ आणि १९३१ मध्ये खडक फोडून काढलेले दोन काठांवरचे रस्ते तयार असल्याने तलावाभोवती तंबूतळ उभे राहिले होते. अधिक उमेद असलेले वेरोना आणि बोलोन्या मागे टाकून एमिलिया मार्गाने एड्रियाटिक समुद्राकडे जात.

या शेवटच्या टप्प्यावर, इमोला आणि फाएन्झा यांच्या मधे, सेनियो नावाची नदी लागते. पात्र मोठे नाही, पण दोन्ही काठांना उंच बांध आहेत. ९ एप्रिल १९४५ रोजी याच नदीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिपाई नामदेव जाधव याने दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे पोचवले, मग एकट्याने परत येऊन जर्मन मशीनगनचे तीन मोर्चे निकामी केले. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या निमज गावच्या या तरुणाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या आदल्या जुलैत टायबरच्या खोऱ्यात झालेल्या लढाईसाठी यशवंत घाडगे यांना तोच सन्मान मरणोत्तर मिळाला होता. पुढे फोर्लीला, रस्त्यालगतच्या शहरात, भारतीय सैनिकांची दफनभूमी आणि दहन झालेल्यांचे स्मारक आहे. जर्मन पर्यटक इथे येऊ लागले तेव्हा या लढायांना दहा वर्षेही झाली नव्हती, आणि गाडी चालवणाऱ्या अनेक नवऱ्यांनी इटली पहिल्यांदा पाहिली होती ती गणवेशात. जिथून सैन्य माघारी गेले, तिथे त्यांतलेच लोक बायकोला घेऊन पाहुणे म्हणून परतले, आणि यजमानांनी त्यांना ठेवून घेतले. युरोपच्या युद्धोत्तर इतिहासात करारांइतकेच मोल या गोष्टीला द्यायला हवे.

यजमानांची बाजूही गरिबीचीच होती. बाँबहल्ल्यांनी रिमिनी उद्ध्वस्त झाले होते. मच्छीमार आणि शेतकरी कुटुंबांनी कर्ज काढून किनाऱ्यालगत लहान पेन्सिओने उभी केली: खाली कुटुंब, वर आठ-दहा खोल्या, आजी स्वयंपाकघरात, मुले वाढायला. तीन वेळच्या जेवणासह ठरावीक दर, त्यामुळे पाहुण्याला रोजचा खर्च आधीच कळे. पाहुणे वाढले तसा पुढच्या वर्षी एक मजला चढे. तंबूपासून सुरुवात केलेली जोडपी दोन-तीन वर्षांनी अशाच घरात उतरत आणि मग वर्षानुवर्षे तिथेच येत.

त्याच खिंडीतून उलट दिशेनेही माणसे जात होती, हे विसरून चालणार नाही. २० डिसेंबर १९५५ रोजी रोममध्ये झालेल्या करारानुसार इटालियन मजुरांची भरती सुरू झाली. वेरोनाला तपासणी होई आणि आगगाडी ब्रेनरमार्गे म्युनिचला पोचे. १९६२ पासून फोक्सवागनच्या वोल्फ्सबुर्ग इथल्या कारखान्यात हजारो इटालियन हात बीटल जोडू लागले. ते बरॅकींत राहत, कुटुंब गावी ठेवून. दक्षिणेकडे निघालेल्या गाड्यांच्या स्वस्ताईत त्यांच्या घामाचाही वाटा होता.

नोव्हेंबर १९६३ मध्ये इन्सब्रुकजवळ जमिनीपासून सुमारे १९० मीटर उंचीचा युरोपा पूल खुला झाला आणि घाटातली वळणे मागे पडू लागली. ब्रेनरचा पूर्ण द्रुतमार्ग १९७४ मध्ये तयार झाला. तोवर नेकरमानसारख्या कंपन्यांनी विमानाच्या स्वस्त सहली काढल्या होत्या, आणि वहीत पेट्रोलचा हिशेब मांडणाऱ्यांची मुले मायोर्काला उडू लागली होती. विमानाने जाणाऱ्यांना सवलतीच्या कुपनांची गरज उरली नव्हती. १९९८ च्या एप्रिलपासून ब्रेनरवरची नियमित तपासणी बंद झाली, आणि २००२ मध्ये मार्क, शिलिंग आणि लिरा यांच्या जागी एकच चलन आले.