बारामतीकर नाईक घराणे

* बाबूजी नाईक : मूळ आडनाव जोशी. पेशव्यांना कर्ज देणारे हे सावकार घराणे त्यांचे सोयरेही होते. बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई बाबूजींचे बंधू आबाजी नाईक यांना दिली होती. १७४० मध्ये पहिले बाजीराव वारले तेव्हा रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी बाबूजींचे नाव पुढे केले. परंतु शाहू छत्रपतींनी वस्त्रे दिली ती बाजीरावपुत्र नानासाहेबांना. नाईकांचा बुरुजबंद वाडा बारामतीत कऱ्हाकाठी उभा आहे. पन्हाळ्यास जन्मलेले कवी मोरोपंत (१७२९–१७९४) नाईकांच्याच आश्रयाने बारामतीत स्थिरावले आणि त्यांना पुराणे सांगू लागले. मोरोपंतांच्या आर्या वृत्तातील मराठी कवितेवर या घराण्याचे ऋण आहे, म्हणून त्याची ओळख येथे मुद्दाम दिली. — संपा.