धुरकरी आमचे नाना

शंकरपटाच्या बातम्या वाचताना मला एक गोष्ट नेहमी खटकते. जोडीचं नाव असतं, मालकाचं गाव असतं, किती सेकंद लागले तेही असतं. छकड्यावर बसलेल्या माणसाचं नाव बहुतेक वेळा नसतं. त्याला आमच्या वऱ्हाडात धुरकरी म्हणतात. माझे नाना, म्हणजे आईचे वडील, धुरकरी होते.

पोटासाठी मात्र त्यांचा टांगा होता, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर स्टेशनवर. मुंबई-नागपूर मोठी लाईन आणि यवतमाळ-अचलपूरची छोटी शकुंतला इथं भेटायची, त्यामुळे उतारूंना तोटा नव्हता. पाच लेकरं त्या एका घोडीवर वाढली. घोडीला चंदी दिल्याशिवाय नाना स्वतः जेवत नसत. नानी चिडून म्हणायची, "पहले उसका, फिर हमारा!" पण तीच त्यांच्याआधी उठून चंदी भिजवायची.

जनावर जुंपून वेगात पळवण्याची हौस आपल्याकडे फार जुनी आहे. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त शाही गोशाळेवर वेगळं प्रकरण लिहिलं आहे. गुजरातचे बैल चोवीस तासांत 80 कोस जातात आणि चपळ घोड्यांनाही मागे टाकतात, असं तो नोंदवतो. बहल म्हणजे हलकी गाडी, आणि तिला घोडे जुंपले तर ती घुरबहल, हेही तिथंच सापडतं. आमच्या भागात हलक्या अंगाचा, चपळ गवळाऊ बैल नावाजलेला. अबुल फजलने बैलांच्या किमती आणि खुराकसुद्धा लिहून ठेवला. गाडी हाकणाऱ्यांची नावं त्याच्याही वहीत नाहीत.

हिवाळा लागला की पटाच्या मालकांचे निरोप यायचे. "मियाभाई, यंदा जोडी तुमच्याच हाती." मग टांगा धाकट्या भावाकडे सोपवून नाना निघायचे. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट त्यांच्या लेखी सगळ्यात मोठा. तिथं आता बायाही छकडा हाकतात, हे ऐकून नानी म्हणाली होती, "मला कोणी विचारलं नाही तेव्हा."

पटात धुरकऱ्याचं काम काही सेकंदांचं, पण त्याआधी आठ-दहा दिवस तो जोडीजवळच झोपतो. कोणता बैल सुटताना दचकतो, कोणता जोडीदाराला ढकलतो, हे त्याला कळावं लागतं. छकडा हलका असतो, वाटेतल्या एका ढेकळानेही उलटतो. एकदा तसा उलटला आणि नानांच्या मांडीवरून चाक गेलं. जोडी मात्र धुरकऱ्याविना रेषेपार पोचली. दवाखान्याचा खर्च टांग्याच्या कमाईतून झाला. मालक भेटायला आला तो बैलांची खुशाली सांगून गेला.

नाना आर लावलेली तुतारी वापरत होते. हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांच्या प्रेमाच्या गोष्टी सांगताना मला ती आर आठवते आणि दोन्ही एकत्र कसं नांदलं ते नीट उमगत नाही. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या, तेव्हा गावात संताप होता. नाना तेवढे रागावले नाहीत. म्हणाले, "आर टोचली की बैल भागतो, पण तिरपा भागतो. आम्हाला ते ठाऊक होतं, तरी टोचत होतो."

त्यांची चिंता वेगळीच होती. 2015 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. कायदा कत्तलीचा होता, पण टेम्पोत बैल आणि पुढच्या सीटवर दाढीवाला माणूस, एवढं दृश्यच रस्त्यावर अडवायला पुरेसं होऊ लागलं. माझे थोरले मामाही धुरकरी. शेतीसाठी घेतलेली जोडी घेऊन ते येत होते, तेव्हा त्यांना चार पोरांनी हायवेवर दोन तास उभं ठेवलं. बाजाराची पावती हातात होती. ती कोणी वाचली नाही.

2017 मध्ये राज्याने शर्यतींसाठी कायदा दुरुस्त केला. उच्च न्यायालयात ते पुन्हा अडलं. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने दुरुस्ती कायम ठेवली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जनावरांचा डॉक्टर बैल तपासतो, मारणं-टोचणं चालत नाही. नानांना हे सगळं पसंत पडलं. त्यांच्या मते आता खरा धुरकरी कोण ते कळेल.

पट सुरू झाले, मामांना पुन्हा निरोप आले. जोडी टेम्पोत जाते, सोबत मालकाचा पुतण्या बसतो, कागदपत्रं त्याच्या खिशात. मामा एसटीने जातात. पटावर पोचल्यावर बैलांना पाणी दाखवतात, मानेवरून हात फिरवतात, छकड्यावर चढतात. शेकडो लोक त्यांना ओरडून हुरूप देतात. जोडी जिंकली तर खांद्यावर घेतात. संध्याकाळी मामा पुन्हा एसटीत.

मागच्या हंगामात मी त्यांच्यासोबत होतो. बस धामणगावच्या अलीकडे असताना नानांचा फोन आला. वय झालंय, ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्याने बोलतात. अख्ख्या बसला ऐकू गेलं असेल.

"बैल पोचले का?"

"पोचले, अब्बा."

"आणि तू?"




"अर्ध्या तासात पोचतो," मामा म्हणाले.