प्रस्तावना : सहकाऱ्यांचे स्वभाव

सोबत काम करणाऱ्यांचे स्वभाव हा अभ्यासाचा विषय आहे, असे जळगावच्या डाळमिलमधल्या किंवा धुळ्याच्या एखाद्या कचेरीतल्या जुन्या माणसाला सांगितले तर तो हसेल. वर्षानुवर्षे शेजारी बसल्यावर कोण कसा, हे वेगळे काय शिकायचे? शंका रास्त आहे, आणि तिचा मान राखूनच वाचकांनी या विषयाकडे यावे.

भिन्न स्वभावांची माणसे एकत्र आली की काय घडू शकते, याचा दाखला खानदेशाला घरचाच आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती लिहून घेतली अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी. विनोबा विरक्त, गणितात रमणारे. गुरुजी हळवे, पुढल्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिणारे. दोन टोकांच्या या स्वभावांना एकच काम मिळाले आणि ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली.

याच प्रवचनांत चौदाव्या अध्यायाच्या निमित्ताने सत्त्व, रज, तम यांचा विचार आहे. विनोबा वर्गवारीपाशी थांबत नाहीत. तमोगुणावर शरीरश्रम, रजोगुणावर स्वधर्माची मर्यादा, असे उपायही सांगतात. माणूस बदलू शकतो, हे त्यात गृहीतच आहे.

आधुनिक मानसशास्त्रात कार्ल युंगने १९२१ मध्ये अंतर्मुख-बहिर्मुख हा भेद मांडला. त्याच्या आधारे अमेरिकेत ब्रिग्ज आणि मायर्स या मायलेकींनी सोळा प्रकारांची चाचणी रचली. कंपन्यांच्या प्रशिक्षणांत आजही तिचीच चलती आहे. मात्र काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की अनेकांचा प्रकारच बदलतो! म्हणून बहुतेक अभ्यासक आता कप्पे न पाडता पाच गुणविशेष कमी-अधिक प्रमाणात मोजतात. मला हीच वाट अधिक भरवशाची वाटते. सोळा प्रकार गप्पांना विषय म्हणून ठीक. नोकरभरतीसाठी ते वापरू नयेत, असे चाचणी प्रसिद्ध करणारी संस्थाच सांगते.

तुम्ही या विषयात नवे असाल, तर सुरुवात स्वतःपासून करा. बैठकीत तुम्हाला लगेच बोलावेसे वाटते की रात्रभर विचार करून? काम अर्धवट राहिले तर झोप लागते का? मग हेच प्रश्न शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारा. त्याचे उत्तर त्याच्याच तोंडून ऐका, आणि ‘हा असाच’ हा शिक्का निदान पहिल्या वाचनापुरता तरी बाजूला ठेवा.