ऑलिंपिकची खतावणी

जागतिक सामने भरले की गावच्या धंद्यास बरकत येते, असे आम्ही आष्टेकर नेहमी ऐकतो. १९५२ साली हेलसिंकीत ऑलिंपिक भरले, तेव्हा तेथे तसेच घडले. पाहुण्यांची गर्दी भागावी म्हणून बाटलीत आयते भरलेले एक पेय निघाले; फिनलंडात ते आजही खपते.

आमच्या कृष्णाकाठची खतावणी मात्र मला उलटी दिसते. येथे आधी नावे पडले, जमा मागाहून झाली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडनला गेले आणि सहावे आले. हेलसिंकीच्या वेळी लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

पुढे खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरविली आणि त्या कमाईतून गुरुजींचे घर सोडविले. मैदान भरले की चहावाला, फुटाणेवाला, टांगेवाला, साऱ्यांचीच चूल पेटते, हे आपल्या भागात कोणास सांगावयास नको.

वाचकहो, हेलसिंकीची गर्दी आपल्या पेठेत उतरणार नाही. पण यंदा लक्ष्मीपूजनास नवी वही मांडाल, तेव्हा एक पान तालमीच्या नावे राखा. ते खाते बुडीत जात नाही, असे कृष्णाकाठचा इतिहास सांगतो.