सह्याद्रीचे रान पुन्हा उभे करताना

गेल्या दहा-बारा वर्षांत सह्याद्रीच्या उतारांवर एक नवे मनुष्यबळ दिसू लागले आहे. हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांतील अभियंते, चाकणच्या कारखान्यांतील कामगार आणि मुंबईच्या बँकांतील अधिकारी जुलैतल्या एखाद्या शनिवारी मुळशी, वेल्हे, भोर किंवा आंबेगावच्या डोंगरात येतात, हातात कुदळ-घमेले घेतात आणि भर पावसात रोपे लावतात. 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 135 हे यामागचे एक कारण आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातील किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी, असे हे कलम सांगते. ते 1 एप्रिल 2014 पासून लागू झाले आणि पर्यावरणाचे रक्षण हा त्यातील एक मान्य विषय आहे. मात्र सुटीच्या दिवशी गुडघाभर चिखलात उभे राहायला कोणताही कायदा सांगत नाही. ती ओढ माणसाची स्वतःची असते. तिचा मान राखून आणि ती दूरवर पोहोचावी अशा इच्छेने ही पुस्तिका लिहिली आहे.

हा विषय लक्ष देण्याजोगा का आहे, हे आधी पाहू. कृष्णा, भीमा आणि गोदावरी या तिन्ही नद्या सह्याद्रीत उगम पावतात. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो, पुढचे आठ महिने डोंगर कोरडा असतो. उतारावर रान असेल तर पाण्याचा मार पानांवर, पालापाचोळ्यावर आणि मुळांवर विभागला जातो, काही पाणी मुरते आणि झरे उन्हाळ्यापर्यंत टिकतात. रान गेले की माती वाहून जाते आणि खालचा काळा कातळ उघडा पडतो. पश्चिम घाटातील 39 स्थळांना 2012 साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत आपले कास, कोयना, चांदोली आणि राधानगरीही आहेत. त्याच डोंगररांगेतील कितीतरी उतार मात्र कोळशाच्या भट्ट्या, सरपण, अनिर्बंध तोड आणि वर्षानुवर्षांचे वणवे यांनी बोडके झाले आहेत. आपले काम या उतारांवर आहे.

नव्याने येणाऱ्या वाचकांनी रोप हातात घेण्यापूर्वी एखादी देवराई पाहावी. गावाने देवाच्या नावाने राखलेला रानाचा हा तुकडा म्हणजे त्या परिसरात पूर्वी काय होते याचा जिवंत दाखला. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले, आणि आजही या विषयाचे दार तिथूनच उघडते. देवराईत गेल्यावर आधी वर पाहू नका, खाली पाहा. पालापाचोळ्यात कोणती रोपे आपोआप रुजली आहेत? कोणत्या झाडाखाली उष्टी फळे पडली आहेत? वेली किती जाड आहेत? पडलेले खोड कुजू दिले आहे का? तासभर असे पाहिलेत, तर कोणती झाडे लावावीत या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुमच्या वहीत उतरलेले असेल.

उरलेले निम्मे उत्तर जागेवर अवलंबून असते. महाबळेश्वर-भीमाशंकरच्या उंच, ओल्या माथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा या सदाहरित मंडळींसोबत हिरडा शोभतो. कोकणाकडील उतारावर ऐन, किंजळ, नाणा, कुंभा दिसतात. ओढ्याकाठी करंज, अर्जुन, उंबर असतात. पूर्वेकडे पाऊस उतरत जातो तसे धावडा, खैर, पळस, सालई यांचे राज्य सुरू होते. पुण्यापासून ताम्हिणीपर्यंतच्या एका सकाळच्या प्रवासात हा सगळा पालट डोळ्यांना दिसतो. म्हणून ‘देशी झाड’ एवढे म्हणून भागत नाही, त्या डोंगराचे, त्या उंचीचे झाड हवे. भीमाशंकरचा शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतो. त्याला फांदीला फांदी भिडलेले छत लागते. हरियालला वड-उंबराची फळे लागतात आणि धनेश मोठी फळे गिळून त्यांच्या बिया दूरवर टाकतो. असे पाहुणे येऊ लागले की पुढची लागवड तेच करतात.

गिरिपुष्पाबद्दल इथे स्पष्ट बोलायला हवे. मध्य अमेरिकेतून आलेले हे झाड आपल्या टेकड्यांवर फार लावले गेले. ते झपाट्याने वाढते आणि गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, टेकड्या हिरव्याही झाल्या. पण गिरिपुष्पाच्या दाट एकसुरी राईत उंबर नाही, करवंद नाही, कारवी नाही, आणि त्यांच्यावर जगणारे जीवही नाहीत. हिरवा रंग दुरून दिसतो, रान आहे की नाही ते जवळ जाऊनच कळते.

कुठे झाड लावू नये, हेही या विषयात तितक्याच गांभीर्याने शिकावे लागते. सह्याद्रीच्या माथ्यावरील सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारे, ओसाड वाटतात. पावसाळ्यात मात्र त्याच बोटभर मातीवर असंख्य रानफुले उमलतात, आणि त्यांतील कित्येक इतरत्र सापडत नाहीत. तिथे खड्डे खणणे म्हणजे एक अधिवास मोडून दुसरा आणण्याचा प्रयत्न, आणि तो दुसराही तिथे टिकत नाही. नैसर्गिक गवताळ माळांचेही तसेच. ‘जागा रिकामी आहे’ असे कोणी म्हणाले, तर वाचकांनी एक पावसाळा थांबून ती जागा पाहावी.

आता प्रत्यक्ष रोपाकडे येऊ. पिशवीत फार काळ राहिलेल्या रोपाची मुळे तळाशी गोल गोल फिरलेली असतात. तसेच लावले तर झाड दोन-तीन वर्षे वाढते आणि मग खुरटते, म्हणून पिशवी फाडल्यावर तो वेटोळा हलक्या हाताने सोडवावा किंवा छाटावा. पिशवीतील मातीची पातळी जमिनीच्या पातळीशी जुळवावी. उतारावर आळे पूर्ण गोल न करता खालच्या बाजूने अर्धचंद्राकृती बांध घालावा, म्हणजे वरून येणारे पाणी रोपापाशी थांबते. फाडलेल्या पिशव्या मोजून परत न्याव्यात. डोंगरात प्लॅस्टिक सोडून येणे लागवडीला शोभत नाही.

खरी परीक्षा ऑक्टोबरात सुरू होते. तोवर गवत छातीला लागलेले असते आणि जुलैत लावलेला वीतभर हिरडा त्यात दिसेनासा होतो. खुणेची काठी शोधायची, विळ्याने हातभर घेरातले गवत काढायचे आणि तेच गवत रोपाच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरायचे. या कामाचा फोटो फारसा चांगला येत नाही, पण रोप जगते ते यामुळे. पुढे दिवाळीनंतर जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे गवतविरहित पट्टे, काढायच्या, कारण फेब्रुवारीत वाळलेल्या गवताला लागलेला एक वणवा सगळ्या रोपवनाची राख करतो. मग उन्हाळ्याचे पाणी आणि पुढच्या पावसात नांग्या भरणे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणे, असे निदान तीन वर्षे चालते. या सगळ्यात निसर्गाची मदत घ्यायला विसरू नका. करवंदीच्या काटेरी जाळीत शेळ्यांचे तोंड पोहोचत नाही. तिच्या आत जांभूळ, अंजनी आपोआप रुजलेली दिसतात, म्हणून ‘साफसफाई’च्या उत्साहात जाळ्या तोडू नयेत. काही उतारांवर तर चराई आणि वणवा थांबवला की जुनी खुंटे स्वतःच फुटतात, खड्डा खणावाच लागत नाही.

कंपन्यांचे स्वयंसेवक इथे विशेष उपयोगी पडू शकतात, असे आमचे ठाम मत आहे. नोंद ठेवणे, वेळापत्रक पाळणे, मागील वर्षाशी तुलना करणे या गोष्टी त्यांच्या रोजच्या कामातल्या आहेत, आणि वनीकरणात नेमकी त्यांचीच उणीव भासते. लावलेल्या रोपांचा आकडा सर्वांना ठाऊक असतो, तिसऱ्या वर्षी जगलेल्यांचा क्वचितच. सामाजिक दायित्वाच्या नियमांत 2021 साली झालेल्या दुरुस्तीनुसार, ज्या आर्थिक वर्षात सुरू झाला त्यानंतर आणखी तीन वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प घेता येतो. रोपाला लागणारा काळ जवळपास तेवढाच आहे. तेव्हा आपल्या कंपनीत अंदाजपत्रक मांडताना राखणदाराची मजुरी, गवतकापणी आणि जाळरेषा यांच्या ओळी लागवडीच्या ओळीखाली आग्रहाने लिहाव्यात. एकाच डोंगरावर चार वर्षे येणारा तीस जणांचा गट दरवर्षी नवा डोंगर गाठणाऱ्या तीनशे जणांपेक्षा अधिक रान उभे करतो.

हा डोंगर कुणाचा तरी आहे, हे मात्र सतत ध्यानात असू द्यावे. वनखात्याची परवानगी लागतेच, पण 2006 च्या वनहक्क कायद्याने अनेक गावांना सामुदायिक हक्कही मिळाले आहेत. म्हणून ग्रामसभेशी बोलणे आधी, बसचे आरक्षण नंतर. जुन्नर-आंबेगावच्या महादेव कोळी कुटुंबांचे हिरड्यावर उत्पन्न अवलंबून असते. कोणते झाड कुठे जोम धरते, गुरांची वाट कोणती, वणवा कुठून येतो, हे तिथल्या आजीबाईंना विचारावे आणि त्यांच्या ज्ञानाला तज्ज्ञाच्या सल्ल्याचा मान द्यावा. राखणीचे काम गावातल्याच माणसाला रास्त मजुरीवर मिळाले, तर रोपाला घरचे माणूस लाभते.

पुढील प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. घाई असलेल्यांनी बियाण्यांचे प्रकरण तेवढे आधी वाचावे. जांभूळ आणि फणसाच्या बिया काही दिवसांतच रुजण्याची ताकद गमावतात, त्या फळ खाल्ल्याबरोबर पेराव्या लागतात. हिरड्याची कठीण आठळी उगवायला वेळ घेते. डोंगरावर तग धरील असे रोप रोपवाटिकेत निदान एक-दीड वर्षाचे झालेले बरे. याचा अर्थ असा, की तुमच्या गटाला पुढच्या पावसाळ्यात स्थानिक जातींची रोपे हवी असतील, तर यंदाच्या जांभळाच्या हंगामातच रोपवाटिकेला यादी कळवावी.